शाल आणि घोंगडी

मराठी भाषेने वस्त्रांची मोठी गमतीदार उतरंड लावून ठेवली आहे. गोड शब्दांत गुंडाळलेला टोला तो शालजोडीतला, आणि वर्षानुवर्षे निकाल न लागणारे प्रकरण ते भिजत घोंगडे! धनगरांच्या मेळाव्यात पाहुण्याच्या खांद्यावर घोंगडी चढते खरी. पण एरवी सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळच. वास्तविक दोन्ही वस्त्रे जनावराच्या अंगावरच्या केसांचीच. मग एकीला पेटी आणि दुसरीला खुंटी, हा पंक्तिप्रपंच कशासाठी?

श्रमांचा हिशेब मांडला तर त्याचे उत्तर मिळत नाही. आमच्या परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 43 अंशांना शिवतो. पण पौषात एखाद्या वर्षी तो 5 अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री गोदाकाठच्या जोंधळ्यात जागल करणाऱ्याला तारते ती घोंगडीच. तीही काही आपोआप होत नाही. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, हाताने कातायची, मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करायची. एवढे सोसून तयार झालेली ती घोंगडी एक पिढी सहज काढते. मात्र उघड्या अंगाला ती टोचते, आणि सारे रहस्य या टोचण्यातच आहे.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. सुमारे 30 मायक्रॉनांहून जाड केसाचे टोक कातडीला रुततेच. दख्खनी लोकरीत अशा राठ केसांचाच भरणा असतो. उलट लडाखच्या चांगथांगी बकरीची पश्म अवघी 12 ते 15 मायक्रॉनांची! जगाच्या बाजारात हिलाच काश्मीर लोकर म्हणतात. केस जितका बारीक आणि कुरळा, तितकी त्यांच्या गुंत्यात हवा अधिक अडकते. आणि ऊब म्हणजे तरी काय, अडकून पडलेली स्थिर हवाच. म्हणून पश्मिन्याला ऊब फार आणि वजन थोडे.

या बारीकपणाला कारण थंडी. चौदा हजार फुटांवरच्या पठारावर हिवाळ्यात पारा शून्याखाली 30 अंशांपर्यंत घसरतो, तेव्हा बकरीच्या राठ केसांखाली हे मऊ अस्तर दाट होते. उन्हाळा लागताच ते सुटू लागते, आणि चांगपा मेंढपाळ ते फणीने विंचरून काढतात. एका बकरीपासून वर्षाला दीडशे ग्रॅमच्या आसपास माल मिळतो. त्यातले राठ केस निवडले की उरते त्याहून पुष्कळ कमी. एका शालीला दोनतीन बकऱ्यांची वर्षभराची पश्म लागते. हा तंतू इतका नाजूक की यंत्राचा ताण त्याला सहज सोसत नाही; काश्मिरातल्या स्त्रिया तो चरख्यावर कातत आल्या आहेत. 2008 साली काश्मिरी पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हातकामासह. आमची काळी उस्मानाबादी शेळी दूध देते, करडे देते. पण असले अस्तर वाढवण्याची गरज तिला आमच्या उन्हाने कधी भासूच दिली नाही.

इतके सगळे असूनही, दुर्मीळ ते मौल्यवान एवढ्या सूत्राने माझे समाधान होत नसे. पायलीभर दुर्मीळ वस्तू जगात निरुपयोगी पडल्या आहेत. समाधान झाले ते नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, अखेरच्या हिवाळ्यात. जन्मभर त्यांनी घोंगडी पांघरली. शाल ट्रंकेत, लग्नकार्यापुरती. त्या वर्षी मात्र अंगात इतके त्राण उरले नव्हते की रजईचेही ओझे व्हावे. घातली की छाती दडपे, काढली की हुडहुडी भरे. शेवटी आईने ट्रंक उघडून शाल काढली. थोड्या वेळाने नाना म्हणाले, "अंगावर काही आहे असं वाटंना, पण थंडी पळाली बघ." पश्मिन्याची याहून नेमकी व्याख्या मी कोठे वाचलेली नाही. सशक्ताला जी चैन, ती दुबळ्याला गरज असते.

तथापि ही हलकी ऊब कोणाला तरी जड जातेच. 2013 च्या आरंभी चांगथांगवर अतोनात बर्फ पडले, चारा गाडला गेला आणि हजारो बकऱ्या दगावल्या. ज्या थंडीने पश्म वाढवायची, तीच कळप खाऊन जाते. आणि शोरूममधल्या किमतीतला लहानसाच वाटा त्या मेंढपाळापर्यंत पोचतो. इकडे आमच्या धनगराची अवस्था याहूनही वाईट. कातरलेल्या लोकरीला आज अनेक ठिकाणी गिऱ्हाईकच नाही. गिरणीतले स्वस्त ब्लँकेट घरोघर आले आणि ती लोकर बांधावर टाकून देण्याची पाळी आली.

शालीचा मान मला अवाजवी वाटत नाही. तिने तो बकरीच्या अंगावरच्या थंडीतून मिळवला आहे. पण बाजार बोटांनी चाचपून मोल ठरवतो, आणि बोटांना मायक्रॉन कळतात, मेहनत कळत नाही. नाना गेल्यावर आईने शाल धुऊन ट्रंकेत ठेवली, आणि घोंगडी खुंटीवरच राहू दिली. तीच मी आता थंडीत पांघरतो. टोचते, पण तिच्यातही कोणाच्या तरी हाताची मेहनत आहे, हे त्या टोचण्यामुळे विसरायला होत नाही.