उलटा हिशेब

मिठबाव. जुलैमधली उघडीप. बागेत आंब्याला कल्टार, म्हणजे वाढ आवरून मोहोर आणणारं औषध, घालणं चाललंय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस सरळ आहे: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली. माझ्यापुढे प्रश्न उलटा आला. "ह्या कलमाक ३६ मिली घातलंय," काका म्हणाले. म्हणजे व्यास ३६ भागिले ३, १२ मीटर! खाऱ्या वाऱ्याने एका अंगाला खुरटलेलं हे हापूसचं कलम एवढं कुठलं? मध्ये खोड, टेप आरपार जाईना. पानांच्या कडेखालून दोरी फिरवली: २५ मीटरला जरा वर. ३.१४१६ने भागलं, आठ मीटर. २४ मिली पुरलं असतं.

भास्कराचार्यांच्या ११५०च्या 'लीलावती'त परिघासाठी व्यास ३९२७ने गुणून १२५०ने भागायचा, म्हणजे हेच ३.१४१६. त्याच ग्रंथात व्यस्तविधीही आहे: शेवटाकडून निघा, गुणाकाराजागी भागाकार, वर्गाजागी वर्गमूळ. शाळेत सूत्राचा कर्ता बदलताना झोप यायची. दोष उदाहरणांचाच, असं माझं ठाम मत.

कल्टार जादा झालं की पालवी आखूड येते, मोहोर गच्च होतो. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दोरी गुंडाळत म्हणाले, "पुढच्या कलमाक आधी मोज, मगे घालूया."