गोठ्याच्या जागी दोन खोल्या

कोकणात लोक आधी स्लॅब टाकतात आणि काही पावसाळे गेले की त्याच स्लॅबवर पत्रा घालतात. खोटं वाटत असेल तर मुंबई-गोवा हायवेने जाताना खिडकीतून बघा. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट छप्पर म्हणजे पाण्याला "बसा जरा, चहा घ्या" म्हणण्यासारखं आहे. पण आमच्या काकांना स्लॅबच हवा होता.

तर मंडळी, विषय आहे रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर. पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याचा चौथरा, मातीच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. बाजूला गोठा, पण त्यात आता गुरं नाहीत. घरात आजी एकटी, वय ८४. न्हाणी आणि संडास मागीलदारी, तीन पायऱ्या उतरून. जुलैत त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. गेल्या पावसात ती तिथे घसरली, मनगटावर निभावलं. "पुण्याला चल" म्हटलं तर म्हणाली, "तुमच्या त्या सातव्या मजल्यावर मी काय करू रे?" विषय संपला.

काकांचं म्हणणं, पाडा आणि दुमजली बांधा. त्यात तथ्य नाही असं नाही, गणपतीत बावीस माणसं आणि एक संडास हा हिशोब मलाही कळतो. पण तोवर आजी राहणार कुठे? आमच्या भाषेत सांगायचं तर ही चालू प्रॉडक्शन सिस्टीम आहे. युजर एकच, पण तिला डाउनटाइम देता येत नाही.

शेवटी ठरलं की जुनं घर ठेवायचं आणि गोठ्याच्या जागी दोन खोल्या नि संडास-बाथरूम काढायचं. (घर सामायिक, त्यामुळे सगळ्या काका-आत्यांच्या सह्या. तो एक स्वतंत्र लेख होईल.) मी एक्सेलमध्ये नकाशा काढला, एक चौकट म्हणजे एक फूट. हसू नका. मिस्त्रींनी तो बघून दोनच प्रश्न विचारले. नवी भिंत जुनीला जोडायची काय? आणि दोन छपरांच्या मधलं पाणी जाणार कुठे?

सगळं त्यातच आलं. जुनं घर केव्हाच बसून गेलेलं असतं, नवं बांधकाम पहिली काही वर्षं बसत राहतं. दोन्ही एकजीव केलं की तडा सांध्यालाच जाणार. म्हणून चिऱ्याची नवी भिंत स्वतःच्या पायावर उभी, मध्ये थोडी फट. छपराचंही तसंच. दोन उतार समोरासमोर आले की मध्ये पन्हळ लागते, पन्हळीत आंब्याची पानं अडकली की पाणी थेट माजघरात. त्यामुळे नवं छप्पर जुन्या वळचणीखालून सुरू होऊन त्याच दिशेला उतरतं. खोल्यांची उंची कमी होते, होऊ दे. बाथरूम पार पलीकडच्या टोकाला, म्हणजे पाण्याचा एकही पाइप मातीच्या भिंतीतून जात नाही.

काकांना निदान जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा हवा होता, 'फिनिशिंग' म्हणून. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही, ओल आतच राहते आणि मग गिलावा मातीसकट सुटून येतो. म्हणून चुना. ते काम येणारा माणूस शोधायलाच महिना गेला.

आजीची हरकत वेगळीच. संडास घरात? देव आहेत ना इथे! मागच्या रविवारी मिस्त्रींनी फक्कीने आखणी केली. ती काठी टेकत देवघरापासून बाथरूमच्या रेघेपर्यंत चालत गेली. सव्वीस पावलं. चालेल म्हणाली. मग म्हणाली, "पण रात्री लाइट गेले तर धरू कशाला?"

हे ना माझ्या एक्सेलमध्ये होतं, ना काकांच्या दुमजलीत. आता तिच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत आडवा दांडा बसवायचाय. मातीच्या भिंतीत खिळा-बोल्ट धरत नाही, तेव्हा तो ओळीतल्या लाकडी खांबांना बांधायचा. दोन खांबांमधलं अंतर जास्त आहे, मध्ये एक नवा खांब लागेल. मिस्त्री म्हणाले, गोठ्याचा एक वासा चांगला निघालाय, तोच लावू.