चौक ते गुलमर्ग : एका बर्फाच्या सूटची निवड

पाणी कपड्यात कुठून शिरते हे आम्हा चौककरांना शिकवावे लागत नाही. गळ्यातून, मनगटातून आणि कमरेतून. जुलैत लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर पूर्वी इरले असायचे, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद असतो. पण कारण तेच. वाकलेल्या माणसाला छत्री उपयोगाची नाही, आणि जाकीट-पँटचा रेनकोट वाकले की कमरेत उघडा पडतो. शाळेत येणारी निम्मी मुले पावसाळ्यात पाठीच्या खालच्या बाजूलाच भिजलेली असतात. हे मी इतकी वर्षे पाहत होते, पण त्याचा उपयोग बर्फासाठी होईल असे कधी वाटले नव्हते.

माझ्या भावाच्या मुलीने कॉलेजच्या सुट्टीत गुलमर्गला चौदा दिवस स्की शिकायला जायचे ठरवले. घरात आधी हसू झाले, मग वाद. अम्मीची हरकत दोनच वाक्यांची होती : "पोरगी अंगावर काय घालणार? आणि नमाजचे काय?" भावाची हरकत पैशाची. स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात, पण कपडे आपल्या मापाचे असावेत असे ज्याने त्याने सांगितले. भाचीने मोबाइलवर एक अंगभर, एकसंध सूट दाखवला, मानेपासून घोट्यापर्यंत एकच चेन. "फुफू, हाच घ्यायचा." भाऊ म्हणाला, एवढ्या पैशात शिलाई मशीन येते. शेवटी निवड माझ्यावर सोपवली गेली, कारण शिक्षकाला सगळे माहीत असते असा आमच्या घरचा समज आहे. सूट पटला तर मुलगी जाणार, नाही पटला तर नाही, असे ते प्रकरण होते.

गुलमर्ग साधारण 2650 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या तिपटीहून जास्त. श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर. खाली टंगमर्ग, तिथून देवदारांतून वळणे घेत रस्ता वर चढतो. जवळच बाबा रेशी यांचा दर्गा आहे. वर गेल्यावर गोंडोला, म्हणजे तारेवरचे पाळणे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवाट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3950 मीटर. 2022 साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. तो याच टंगमर्ग भागातला. भाचीने हे नाव अम्मीला सांगितले तेव्हा वादाचा सूर जरा खाली आला. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मिरी लोक चिल्लई कलान म्हणतात, थंडीचा सर्वांत कडक काळ. आम्ही तिला सोडायला गेलो ते त्याच दिवसांत. आपल्या मुलुखात सकाळी स्वेटर घालून दुपारी काढणाऱ्यांना ती थंडी सांगून समजत नाही.

तिथला बर्फ पाहिला आणि सूटचा मुद्दा मला पटला. आपण समजतो बर्फ म्हणजे फ्रीजमधला खडा, किंवा गोळेवाल्याचा किस. अफरवाटवर ताजा पडलेला बर्फ तसा नसतो. तो कोरडा असतो, भाकरीसाठी बारीक दळलेल्या तांदळाच्या पिठासारखा. मुठीत दाबला तर लाडू होत नाही. याला स्कीवाले पावडर म्हणतात. त्यात माणूस पडला की मांडीपर्यंत, कधी कमरेपर्यंत आत जातो, आणि ते पीठ जिथे फट सापडेल तिथे घुसते. आत अंगाच्या उबेने त्याचे पाणी होते. मग ते पाणी आणि वर उणे दहा-बारा अंशांचा वारा. लावणीत भिजलेली बाई संध्याकाळी चुलीपुढे बसते. डोंगरावर चूल नसते. एकसंध सूटला कमरेची फटच नाही, एवढाच त्याचा खरा गुण आहे. बाकी रंग, खिसे, नाव, हे सगळे नंतर. शिकाऊ माणूस जास्त पडतो, म्हणून त्याला हा गुण जास्त लागतो, हेही खरे.

आपल्याकडचे लोक मनालीला जातात तेव्हा सोलंगच्या रस्त्यावर नंबर लावलेल्या दुकानांतून असलेच सूट भाड्याने घेतात. टंगमर्गला लांब कोट आणि गमबूट मिळतात. फोटो काढायला, घसरगुंडी खेळायला ते चालतात. भाचीला पहिल्या दिवशी बघू म्हणून आम्ही एका दुकानातून तसला सूट घालून पाहिला. आतला कापूस कालच्या गिऱ्हाइकाच्या घामाने अजून ओला होता. रबरी अस्तराच्या कापडातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे बर्फ आत आला नाही तरी माणूस स्वतःच्या घामाने भिजतो. चौदा दिवस त्यात काढणे शक्य नव्हते. घरून नेलेला सूट बॅगेत होताच.

तो घेताना मी काय पाहिले ते सांगते, कारण दुकानात याची चौकशी फार कोणी करत नाही. आतल्या पट्टीवर दोन आकडे असतात. एक मिलिमीटरमध्ये : कापड किती उंच पाण्याचा दाब सहन करते. दहा हजार असेल तर कोरड्या बर्फाला पुरते. ओल्या बर्फाच्या देशात वीस हजार मागतात. दुसरा ग्रॅममध्ये : चोवीस तासांत किती वाफ बाहेर सोडते. हाही दहा हजारांच्या आसपास हवा. शिवण आतून पट्टीने चिकटवलेली असावी, नाहीतर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येते. काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला हवेसाठी चेनी हव्यात. कापूस भरलेला जाड सूट घेऊ नये. पातळ, वारा-पाणी अडवणारा सूट आणि आत थंडीप्रमाणे थर, हे बरे. थर लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे. सुती सलवार-कमीज आत घातली की सगळी मेहनत वाया, कारण सूत घाम धरून ठेवते आणि अंग गार करते. अम्मीला हे पटायला वेळ लागला. तिच्या मते सुती कपड्यासारखा कपडा नाही. चौकमध्ये नाहीच.

मापाबाबत दुकानदार कमरेचा नंबर विचारतो. एकसंध सूटमध्ये कमर महत्त्वाची नाही, खांद्यापासून जांघेपर्यंतची लांबी महत्त्वाची. ती कमी पडली तर वाकताना सूट खालून वर ओढतो. भाचीला मी आतले सगळे थर घालायला लावले आणि बदलण्याच्या खोलीत दोन रकात नमाजच्या हालचाली करायला सांगितल्या. तकबीरला हात वर गेले तेव्हा मनगट उघडे पडते का? रुकूत पाठ ताणते का? सजद्यात गुडघे आणि खांदे अडतात का? बाहेर उभ्या असलेल्या विक्रेत्या मुलीला नवल वाटले, पण स्की करताना अंग ज्या ज्या दिशेने वाकते त्यातले बहुतेक सगळे त्यात येऊन जाते. एक नंबर मोठा घेतला. सतरचा प्रश्नही तिथेच सुटला. हे सूट शर्यतीच्या कपड्यांसारखे अंगाला चिकटलेले नसतात. सैल कटाचा घेतला तर अंगाची ठेवण दिसत नाही, आणि वरून अबाया घालण्याची गरज राहत नाही. तो घालून स्की करता येणारही नाही.

आता खरी अडचण, जी पुरुष सांगत नाहीत. एकसंध सूट घालून संडासला जायचे म्हणजे वरून कमरेपर्यंत सगळे उतरवायचे, आणि बाह्या ओल्या फरशीवर पडतात. त्यानंतर तहारतचे काय राहिले? काही सूटना मागच्या बाजूने, एका कुल्ल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी चेन असते. मुलींनी ती नसलेला सूट घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो. तशी चेन मिळाली नाही तर छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट आणि वर लांब जाकीट हा दुसरा मार्ग आहे. पावडर थोडी आत येते, पण दिवसभर पाणी न पिता राहण्यापेक्षा ते चांगले. संडास टाळण्यासाठी मुली पाणी पीत नाहीत, आणि त्या उंचीवर तहानलेले राहिले की डोके धरते.

वुजूसाठी कोपरापर्यंत हात मोकळे हवेत. पुष्कळ सूटच्या बाहीत अंगठ्याचे भोक असलेली घट्ट आतली बाही असते. ती वर सरकते का हे पाहून घ्यावे. पायांसाठी स्कीचे बूट काढावेच लागतात, म्हणून घोट्याजवळची चेन लांब असावी. चामड्याचे मोजे त्या बुटात मावत नाहीत, बोटे बधिर होतात. आम्ही कोकणी शाफई. चार दिवसांहून जास्त मुक्कामाची नियत असेल तर आपल्याकडे कसर राहत नाही, मसहची मुदतही एक दिवस-रात्र. भाचीच्या खोलीतली लखनौची मुलगी हनफी. चौदाच दिवस राहायचे तर ती कसर पढणार. दोघींनी आपापल्या मौलानांना फोन केला आणि भांडण न होता चौदा दिवस एका मुसल्यावर आळीपाळीने नमाज पढल्या. गुलमर्गला मशीद आहे. काश्मीरच्या मशिदींतला हमाम, खालून तापवलेली दगडी फरशी, ज्याने अनुभवला नाही त्याला गरम वुजूच्या पाण्याची किंमत कळणार नाही.

डोक्यावर लांब ओढणी नको. उतारावर ओढून नेणाऱ्या दोरीच्या लिफ्टमध्ये लोंबता पदर अडकला तर जिवावर बेतते. हेल्मेटच्या आत बसणारा पातळ, ताणणारा हिजाब आणि वर सूटची टोपी, झाले. आणि फिरनखाली कांगडी घेऊन बसलेल्या आजोबांनी प्रेमाने कांगडी पुढे केली तरी हा सूट घालून ती घेऊ नये. निखाऱ्याची एक ठिणगी आणि कापड वितळते.

भावाला मी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली होती. सूट थंडी अडवतो, डोंगर अडवत नाही. डोंगर घसरतो म्हणजे काय ते आमच्या गावाला माहीत आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस चौकमध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला अफरवाटवर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीपटू गेले. ताजी, खोल पावडर, जिच्यासाठी लोक जगभरातून येतात, तीच उतारावर साचली की घसरते. काही सूटमध्ये शोधपथकाच्या यंत्राला सापडणारी छोटी पट्टी शिवलेली असते. चांगली गोष्ट आहे, पण ते यंत्र घेऊन कोणी येईपर्यंत वेळ गेलेला असतो. जे वर पावडरमध्ये जातात त्यांच्या अंगावर संकेत देणारे यंत्र, पाठीवर फावडे आणि सोबत जाणकार असतो. भाचीसाठी अट ठेवली : शिक्षक नेतील तेवढ्याच उतारावर, गस्तपथकाने बंद केलेल्या बाजूला पाऊल नाही. तिने ती पाळली. दुसऱ्या आठवड्यात फोनवर म्हणाली, आज कमरेपर्यंत गेले फुफू, आणि आत कोरडी आहे.

सूट परत आला तो फेब्रुवारीत. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालायचे नाही, त्याने पाणी अडवणारा थर खराब होतो. साध्या सौम्य साबणाने, सगळ्या चेनी लावून, आणि सावलीत वाळवायचा. बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब गोळे होऊन घरंगळतात का हे पाहायचे. पसरून मुरायला लागले तर पुन्हा थर देण्याचा फवारा मारायचा. पण चौकचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. चामडी चप्पल आणि पुस्तके यांच्यावर जशी बुरशी चढते तशी यावरही चढेल. घडी घालून पिशवीत कोंबायचा नाही. आम्ही तो माळ्यावर हँगरला टांगला आहे, वर जुनी सुती चादर, आणि महिन्यातून एकदा ऊन पडेल त्या दिवशी खाली काढतो. शेजारच्या मुलीने जानेवारीसाठी आताच मागून ठेवला आहे. तिची उंची दोन बोटे जास्त आहे, म्हणून आधी तिला सजदा करून दाखवायला सांगितले आहे.