दुधावाचून जेवण

'सुरतचे जमण आणि काशीचे मरण' ही म्हण पांडेसऱ्यात येऊन स्थिरावलेल्या आम्हां खानदेशी मंडळींच्याही तोंडी आता बसली आहे. ज्या नगरीत चांदनी पडव्याला तुपाने माखलेली घारी खाल्ल्यावाचून सण झालासा वाटत नाही, त्याच नगरीत दूध, दही, तूप, लोणी यांपैकी कशासही थारा न देणारे उपाहारगृह असावे, याचे आम्हांस मोठे नवल वाटले. म्हणून दिवाळीत तात्यांच्या मिलला सुट्टी असताना आम्ही घरची पाचही माणसे बसने वेसूच्या बाजूस जेवावयास गेलो. आपण कोठे जात आहोत, हे आजीला कोणी नीट सांगितले नव्हते. ती आमची चूकच झाली.

अशा आहारास 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या मित्रांनी रूढ केला. मांसमासळी तर नाहीच, पण दूध, अंडी आणि मधही नाही. चामडे व रेशीमही वर्ज्य. हे वाचून आमच्या मनात आले की, पांडेसऱ्याच्या मिलांत रंगणाऱ्या लक्षावधी वार कृत्रिम धाग्याच्या साड्यांसाठी एकही रेशमाचा किडा मरत नाही. मात्र त्या मिलांच्या सांडपाण्याचा वास ज्यांच्या दारावरून जातो, त्यांनी त्या साड्यांना निष्पाप म्हणावे की काय, हा प्रश्न निराळा.

आत थंडगार हवा होती. तात्यांनी पदार्थांची यादी हाती घेतली आणि प्रथम उजवीकडचे आकडे वाचले. त्यांच्या कपाळावरील आठी आम्ही ओळखली. अखेरीस शेंगदाण्याच्या दह्याची कढी, सोयाबीनच्या पनीराची भाजी, पोळ्या आणि सर्वांत मिळून एक नारळाच्या दुधाचे आइस्क्रीम असे ठरले. कढी खरोखरच चांगली होती. पनीराविषयी न बोललेले बरे. आजीने चहा मागितला. तो सोयाबीनच्या दुधाचा आला आणि आल्यामुळे म्हणा की उकळल्यामुळे म्हणा, किंचित फाटला होता. "अगं, हे नासलंय," असे म्हणून तिने कप दूर सारला. तेव्हा वाढप्याने अदबीने खुलासा केला की, येथे जनावराचे दूध वापरतच नाहीत.

समोरच्या भिंतीवर गाय व वासरू यांचे चित्र होते आणि खाली गुजरातीत काही लिहिले होते. आमची धाकटी बहीण शाळेत गुजराती शिकते. तिने मोठ्या हौशीने अर्थ सांगितला, "आजी, आईचं दूध तिच्या बाळाचं असतं, असं लिहिलंय."

आता आजी रागावणार, अशी आमची खात्री होती. कारण अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी तिने वीस वर्षे म्हैस पाळली होती. परंतु ती बराच वेळ त्या चित्राकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "चंद्रीला रेडकू झालं होतं. पारडी असती तर जपली असती. रेड्याला कोण दूध पाजतं? थोडं पाजायचं नि ओढून बांधायचं. महिन्याच्या आत गेलं. मग चंद्री पान्हा सोडीना. तुझ्या आज्यानं त्याचं कातडं सोलून घेतलं, त्यात भुसा भरला आणि तिच्यापुढं उभं केलं. ती रोज ते चाटायची आणि दूध द्यायची."

कोणी काहीच बोलले नाही. आजी पुन्हा तात्यांकडे वळून म्हणाली, "ते दूध अमळनेरला हॉटेलात जायचं. त्याच पैशांत तुझी फी भरली."

तात्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांना ही हकीकत ठाऊक नव्हती.

गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे मोठ्या दुखण्यात कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचा शब्द राखला पण आत्मा गमावला, ही रुखरुख आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवली. आजीने आत्मकथा वाचलेली नाही. परतताना बसमध्ये तिने एवढेच विचारले की, दूध न पिणारी माणसे अशक्त होत नाहीत काय? शाळेत शिकलेले आम्ही सांगितले : डाळी, शेंगदाणे, तीळ यांतून पुष्कळ मिळते, मात्र ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. "म्हणजे औषध लागतंच," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तसे पाहता आमचे भरीत-भाकरी, ठेचा, हिवाळ्यातील हुरडा, ज्याला सुरतकर पोंक म्हणतात, किंवा तेलात शिजलेले उंधियू, यांत दुधाचा थेंबही नसतो. हे खाण्यासाठी वेसूपर्यंत जाण्याची गरज नव्हती, असे आई घरी आल्यावर म्हणाली. बिलाचा आकडा तिच्या मनातून अजून गेला नव्हता.

चार दिवसांनी आजीने रात्री शेंगदाणे भिजत घातले. सकाळी ते वाटून, गाळून, उकळून तिने दूध काढले आणि ते कोमट झाल्यावर विरजणाऐवजी हिरव्या मिरच्यांची देठे त्यात टाकली. दही लागले, पण पातळ, आणि शेंगदाण्याचा वास काही गेला नाही. तात्यांनी ते भाकरीबरोबर मुकाट्याने संपविले व आणखी मागून घेतले. चहात मात्र आजी अजून पिशवीतले दूधच घालते.