शॅनन, दुबई आणि आजीची खोकी

अटलांटिक ओलांडणारी विमाने एकेकाळी इंधनासाठी आयर्लंडमधील शॅननला उतरत. सीमाशुल्काची चौकी ओलांडलेला प्रवासी जणू देशाबाहेरच गेलेला. मग त्याच्याकडून कर कसला घ्यायचा? याच तर्कावर ब्रेंडन ओ'रेगन यांनी 1947 मध्ये तेथे विमानतळावरील जगातील पहिले ड्यूटी फ्री दुकान थाटले. 1983 मध्ये दुबईने आपले दुकान उभारताना आयरिश माणसांनाच पाचारण केले.

त्या दुबईतून माझा मामा दोन वर्षांनी एकदा येई, टॉब्लेरॉन घेऊन. (चॉकलेट मूळचे बर्नचे, 1908 सालचे, आखाताशी त्याचा संबंध दुकानापुरताच.) गल्लीतील प्रत्येक मुलाच्या वाट्याला एकच त्रिकोण. व्यापारमार्गांच्या नकाशांत या पिशव्या कोणी दाखवत नाही, हे मला खटकते. आजी प्रत्येक रिकाम्या खोक्यावर साल लिहून ठेवी. मामाने किती वर्षे परदेशात काढली, ते मी त्यांवरूनच मोजले.