पत्र्याखालचा शनिवार

शनिवारी शाळा सकाळची असायची, साडेसातला. अमळनेरजवळच्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. आई तिथेच शिकवायची, त्यामुळे मी तिच्या गाडीवर पुढे उभी राहून जायचे आणि फाटकातून आत शिरलं की तिला ‘मॅडम’ म्हणायचे. डिसेंबरात पाढे म्हणताना अख्ख्या वर्गाच्या तोंडून वाफ निघायची. मुलं दोन बोटं ओठांशी धरून बिडी ओढायची नक्कल करायची आणि मार खायची. वर पत्र्याला आतून दव धरलेलं असायचं. त्याचा थेंब वहीवर पडला की शाईचं निळं फूल व्हायचं. ‘मॅडम, माले थंडी वाजी ऱ्हायनी’ असं कुणीतरी म्हणायचं आणि मॅडम म्हणायच्या, जोरात म्हणा पाढे, ऊब येईल.

खानदेश म्हटलं की बाकी महाराष्ट्राला आमचं ऊन आठवतं. ते बरोबरच आहे. पण समुद्रापासून लांब असलेल्या कोरड्या मुलखात रात्रही तेवढीच उघडी पडते. वर ढग नाहीत, हवेत ओल कमी, त्यामुळे दिवसभर साठलेली उष्णता रात्री सरळ आकाशाकडे निघून जाते. उत्तरेकडून वारा आला की धुळे-जळगावचा पारा एक आकडी होतो आणि पेपरात शेकोटीचे फोटो येतात.

पुण्यात मी ज्या ऑफिसात काम करते तिथे हिवाळ्यात आम्ही एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून बसतो. त्याबद्दल न बोललेलं बरं. गेल्या डिसेंबरात तीन आठवडे घरून काम करायची सवलत मिळाली आणि मी अमळनेरला आले. आई आता त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे, येत्या मे महिन्यात निवृत्त होतेय. तिची खोली अजून पत्र्याचीच. मी बॅगेत तापमान मोजायची दोन छोटी यंत्रं आणली होती, आतलं सर्किट मीच जोडलेलं. एक वर्गात खिळ्याला टांगलं. दुसरं गावातच आजोबांच्या धाब्याच्या घरात.

खरं सांगायचं तर दुसरं मी मुद्दाम तिथे ठेवलं होतं. शाळेची जुनी खोली धाब्याची होती. दोन-अडीच फूट जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर फळ्या आणि खारी माती. मी दुसरीत असताना ती पाडली. निर्लेखनाचा प्रस्ताव आईनेच लिहिला होता. मी ती खोली उबदार होती हे कधी विसरले नाही, आणि इंजिनिअर झाल्यावर तर जेवताना तिला दोनदा ऐकवलंही होतं. मला आकडा हवा होता.

आकडा मिळाला. पहिल्या आठवड्यात सकाळी सातला वर्गात अकरा अंश, बाहेर दहा. आजोबांच्या घरात साडेसतरा. मी फोन आईच्या पुढ्यात धरला. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, एका कडीला वाळवी लागली होती. खाली तुम्ही बसायचात. तू तिसऱ्या रांगेत.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि पावसाळ्यात तुझी आजी रात्रभर पराती सरकवत बसायची, ते मोज.’

धाब्यावर दर पावसाळ्याआधी खारीचा नवा थर द्यावा लागतो. घरात दोन धडधाकट माणसं असतील तर ते होतं. दोन शिक्षकांच्या शाळेत तो कोण देणार? हा विचार मी इतकी वर्षं केला नव्हता.

मग मी पत्र्याच्या मागे लागले. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे उष्णतेच्या हिशेबात तो जवळजवळ नसतोच. रात्री तो आकाशाला उष्णता देऊन हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून आतून दव धरतो. वीस बाय पंचवीस फुटांची खोली म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर छत. आत-बाहेर एका अंशाचा फरक टिकवायचा तर एवढ्या पत्र्यातून साधारण ३०० वॅट निसटतात. शांत बसलेलं मूल ५०-६० वॅट उष्णता देतं. पटावर चौतीस मुलं. म्हणजे सगळा वर्ग मिळून जेमतेम एक रूम हीटर, आणि तोही खिडक्या आणि भिंतीवरच्या फटी सोडून देऊन. पत्र्याखाली दोन इंचांचा थर्माकोल लावला तर छताची गळती दहाव्या हिश्शावर येते. मी खर्च करायला तयार होते. सुतार आला, वर बघून म्हणाला, ‘ताई, उंदीर.’ मी म्हटलं बघू. मग मलाच आठवलं की थर्माकोल पेट घेतो, आणि खाली चौतीस मुलं बसतात. आईकडे बघायचं धाडस झालं नाही.

मधल्या काळात रात्री बसून लडाखमधल्या फे गावच्या सेकमॉलबद्दल वाचून काढलं. जाड मातीच्या भिंती, दक्षिणेला काच, बाहेर पाणी गोठलेलं असताना आत उन्हावर ऊब. वाचून वाटलं, आपलं काम तर याहून सोपं आहे. अमळनेर २१ अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य ४५ अंशांच्या आसपास, दक्षिणेकडे. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीची वरची चौकट जितकी उंच, तितक्या आत ऊन येतं. जूनमध्ये तो थेट डोक्यावर असतो, तेव्हा हातभर छज्जा पुरतो. आमच्या वर्गाच्या खिडक्या पूर्व-पश्चिम आहेत. दक्षिणेला सलग भिंत, तिच्यावर फुले आणि सावित्रीबाईंची चित्रं.

दुसऱ्या आठवड्यात आलेख नीट पाहिला तेव्हा मात्र मी गप्प झाले. साडेनऊला पत्र्याची खोली वीस अंशांवर गेली होती. अकराला ती आजोबांच्या घराच्या पुढे. जो पत्रा लवकर निवतो तो लवकर तापतोही. थंडीचा त्रास होता तो सकाळच्या दोन तासांचा, आणि रोजची शाळा साडेदहाची. राहिला शनिवार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायला सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठी. आईच्या शाळेत तेव्हापासून शनिवारही नऊचा आहे. एक पत्रा न बदलता माझा निम्मा प्रश्न आधीच सुटला होता, आणि मी सर्किट जोडत बसले होते.

उरलेला निम्मा जमिनीत होता. शहाबादी फरशी. मुलं तिच्यावर पातळ सतरंजी टाकून बसतात आणि दगड खालून ऊब ओढत राहतो. आईने पालकसभेत विषय काढला. आठ दिवसांत जुन्या लुगड्यांच्या सात गोधड्या आल्या, आत बारदान घालून शिवलेल्या. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटी सुताराने निम्म्या बुजवल्या. सगळ्या बुजवू दिल्या नाहीत. चौतीस जणांना श्वासही घ्यायचा असतो.

छत राहिलंच आहे. ते थंडीसाठी नाही, एप्रिलसाठी. पत्रा सूर्याला जसा लगेच बळी पडतो तसा डिसेंबरात आवडतो, एप्रिलमध्ये त्याच्याखाली बसून दाखवावं. न पेटणारा रॉकवूल आणि त्याखाली सिमेंटची शीट असा अंदाज मी आईला लिहून दिलाय. तिने तो प्रस्तावाच्या भाषेत नीट उतरवला, माझी दोन वाक्यं खोडली. निवृत्तीआधी मंजूर होईल असं तिला वाटत नाही. तरी फाइल तिच्या सहीने जायला हवी, असं तिचं म्हणणं आहे.

यंत्र तिथेच ठेवून आले. त्यात सिम आहे, पुण्यात फोनवर आकडे दिसतात. गेल्या शनिवारी तिकडे ढगाळ होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. नऊपर्यंत रेघ तेरावर सपाट. सव्वानऊला ती वर सरकायला लागली, पावणेदहापर्यंत दीड अंश. मी आईला फोन केला नाही. तास चालू असणार.