कोहळ्याचे फूल

यवतमाळला घर बांधले तेव्हा बागेतली झाडे मी केवळ डोळ्यांना विचारून निवडली होती. गच्च पाकळ्यांचा झेंडू, दुहेरी जास्वंद, बोगनवेल. रविवारच्या मिस्सासाठी वेदीवर आमच्या बागेतली फुले जात आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

2017च्या पावसाळ्यात परसात कोहळे लावले. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळेच म्हणतात. वेल कुंपणापर्यंत पसरली, फुलेही भरपूर आली. पण मादीफुलाखालचे इवलेसे फळ दोन दिवसांत पिवळे पडून गळून जाई. मी खत घातले, पाणी वाढवले. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पाहून म्हणाल्या, "बाई, माशीच नाई येत, त फय कसं धरीन?"

खरेच होते ते. कोहळ्याचे नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. पराग जड आणि चिकट, वाऱ्याने तो जात नाही. पहाटे उमललेले फूल दुपारपूर्वी मिटते ते कायमचेच. तेवढ्या वेळात माशी यायला हवी. आणि माझ्या बागेत तिने यावे तरी कशाला? दुहेरी जास्वंदात पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच आलेल्या असतात. बोगनवेलीचा रंग तर पानांचाच. त्यात भर म्हणजे मावा दिसला की कपाशीसाठी आणलेले उरलेसुरले औषध मी फवारीत असे.

त्याच पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोचले. आमच्या शेतावर फवारणी करणारा मुलगाही आठवडाभर खाटेवर होता; त्याला अंधुक दिसे. त्याच्या आईजवळ बसले असताना मला न्हाणीघरामागे ठेवलेली ती बाटली आठवली. आपण तिला 'औषध' म्हणतो.

बाटली गेली. झेंडू एकेरी लावला. तुळशीच्या मंजिऱ्या खुडणे थांबवले, कोथिंबीर फुलू दिली. तिच्या पांढऱ्या तुऱ्यांवर लहानग्या फुलोरी माश्यांची झुंबड उडते. वांग्या-टोमॅटोला मात्र भुंगा हवा. तो फुलाला बिलगून असा थरथरतो की आतला पराग झडतो. मधमाशीला ते साधत नाही. त्याच्यासाठी शेवगा आणि तुरीची चार झाडे लावली. कढीपत्त्यावर सुरवंट दिसले तर मी आता तिकडे काणाडोळा करते, कारण पुढे त्यांचीच फुलपाखरे होतात. वेदीवर एकेरी झेंडू जातो. तो लवकर सुकतो, हे एका भगिनींनी मला बोलून दाखवलेच.

कुंपणापलीकडच्या शेतात अजून फवारणी होते. शेजारी आदल्या संध्याकाळी सांगून जातात. मग पहाटे मी कोहळ्याच्या फुलांवर जुने लुगडे पांघरते, म्हणजे माश्या तिकडे फिरकत नाहीत. आणि नरफूल खुडून त्या दिवशीचा पराग मादीफुलांना माझ्या हाताने लावते.